दुधाची गाठ

बाळंतिणीच्या खोलीत दिवसभर एकाच गोष्टीची चौकशी चालते. दूध येतंय ना? पुरतंय ना? भेटायला आलेली बाई अजून चपला काढत असते आणि तिचा पहिला प्रश्न हाच. सगळं घरही त्याच कामाला लागलेलं असतं. सकाळी अळिवाची खीर, मधल्या वेळेला डिंकाचा लाडू, जेवणात बाजरीची भाकरी आणि भरपूर लसूण घातलेली शेपूची भाजी, रात्री दुधातून शतावरी कल्प, आणि जेवण झालं की ओवा, बाळंतशेपा, तीळ, सुकं खोबरं भाजून केलेली सुपारी. माझ्या आईनं हे सगळं मनापासून केलं आणि मी ते आवडीनं खाल्लं. पण ही सगळी तयारी दूध यावं म्हणून असते. आलेलं दूध आतच अडून बसलं तर काय करायचं, याची तयारी मला कुठल्या घरात दिसलेली नाही. हॉस्पिटलनं दिलेल्या फाइलमध्ये लसीकरणाचा तक्ता होता, टाक्यांची काळजी कशी घ्यायची ते होतं, आईचं दूध बाळासाठी अमृत असतं असं मोठ्या अक्षरात छापलेलंही होतं. छातीत गाठ झाली तर काय, यावर एक ओळ नव्हती.

ती ओळ मला फार हवी होती. म्हणून आता मी ती जरा सविस्तर लिहितेय.

माझी लेक साताऱ्याला, माझ्या माहेरी झाली. पौषातली थंडी होती. सिझेरियन झाल्यामुळे दूध उतरायला थोडा वेळ लागला. आधी घट्ट, पिवळसर चीक येत होता, थेंब थेंब, आणि लेकीला तो पुरतही होता, कारण नुकत्या जन्मलेल्या बाळाची भूकच तेवढी असते. मग एका रात्रीत छाती भरून आली. दोन्हीकडे काखेपर्यंत टणक, कातडी ताणून चकचकीत झालेली, कूस बदलली तरी ठणका. या भरण्यात नुसतं दूध नसतं, त्या भागाकडे रक्त आणि अंगातलं पाणीही धावतं, म्हणून एवढी सूज वाटते. लेक पीत गेली तसं ते ओसरलं. आई म्हणाली, "झालं, आता काळजी नाही."

गाठ आली ती बारशानंतर.

बारशाला मी काठापदराची साडी नेसले होते. ब्लाऊज लग्नातला, शिवण उसवून सैल केलेला, तरी काखेत काचत होता. सकाळपासून बायकांची ये-जा चालू होती. पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, फोटो झाले. लेक या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती आणि जिच्याकडे झोपली ती म्हणायची, झोपलीय गं, कशाला उठवतेस. पाजायची वेळ टळत गेली. संध्याकाळी ब्लाऊजची हुकं काढली तेव्हा उजव्या बाजूला काखेखाली शिवणीचा लाल वळ उमटलेला होता. पहाटे जाग आली ती त्याच जागी दुखतंय म्हणून. हात लावून पाहिला तर सुपारीएवढी गाठ. तिच्यापासून स्तनाग्राकडे निमुळता होत गेलेला एक टणक पट्टा. वरची कातडी गुलाबीसर आणि गरम. केस बांधायला हात वर नेता येईना, पदर घासला तरी कळ येई. लेकीनं तोंडात घेतल्यावर पहिले काही क्षण डोळ्यांतून पाणी आलं. ती पिऊन झाली, बाकीची छाती मऊ पडली आणि तेवढा भाग मात्र जसाच्या तसा राहिला.

घर धावलं. धावणारच. मालिशवाल्या मावशींनी अर्ध्या गल्लीतल्या बाळंतिणी सांभाळलेल्या, त्यांच्या हाताला मोठा मान. त्यांनी तेल कोमट केलं आणि दोन्ही अंगठ्यांनी काखेपासून पुढे दाबत आणायला सुरुवात केली. "थोडं सोस बाई, दूध मोकळं झालं पाहिजे." मी टॉवेल दातात धरला. मग शेगडीचा शेक, मग गरम पाण्यात पिळलेला पंचा. शेजारच्या काकूंनी फणी आणून दिली, ती वरून खाली फिरवायची. हॉस्पिटलला फोन केला तर तिथून सांगितलं, पंप घ्या आणि प्रत्येक वेळी पाजून झालं की पूर्ण रिकामं करा. नवरा पुण्याहून येताना इलेक्ट्रिक पंप घेऊन आला. सगळ्यांचं मिळून एकच म्हणणं होतं, आत काहीतरी अडकलंय आणि ते जोर लावून बाहेर काढलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी गाठ तळहाताएवढी झाली होती, लाली पसरली होती आणि मला हुडहुडी भरली होती.

त्या संध्याकाळी एका मैत्रिणीनं पुण्यातल्या स्तनपान सल्लागार बाईंचा नंबर दिला. त्या व्हिडिओ कॉलवर बोलल्या आणि मी नेहमी लक्षात ठेवेन असं पहिलं वाक्य म्हणाल्या, "आधी सगळ्यांना सांगा, तिथून हात काढा."

मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. आपण समजतो की नळात कचरा अडकावा तसा नलिकेत दुधाचा गोळा अडकतो आणि तो ढकलला की नळ वाहू लागेल. तसं नसतं. स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक कोशांमधून नाजूक नलिका निघतात, त्या एकमेकींना मिळत मिळत स्तनाग्राशी उघडतात. या नलिकांच्या भोवतालचा भाग सुजला की नलिका बाहेरून दाबली जाते, तिची वाट अरुंद होते आणि मागचं दूध मागेच राहतं. गाठ लागते ती बरीचशी या सुजेची. म्हणजे जिथे जोर लावायचा तिथेच सूज आहे, आणि जोर लावला की ती वाढते. अंगठ्यांनी रगडल्यामुळे आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आणि पेशींना इजा होते, ते निराळंच.

मला हे इतकं पटलं की पुढे रात्रीच्या पाजण्याच्या वेळी मी याबद्दल वाचत बसायचे. स्तनाच्या आतली रचना ज्या चित्रांवरून जगभरचे डॉक्टर शिकले, ती ॲस्टली कूपर या इंग्रज सर्जननं १८४० मध्ये प्रसिद्ध केली होती. मृत स्त्रियांच्या दुधाच्या नलिकांमध्ये रंगीत मेण भरून त्यानं ती काढली होती. त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षं पाठ्यपुस्तकं साधारण तेच सांगत राहिली, की नलिका पंधरा ते वीस असतात आणि स्तनाग्रामागे दूध साठायला छोटी पोकळी असते. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या जिवंत बायकांची सोनोग्राफी करून पाहिलं. स्तनाग्राशी उघडणाऱ्या नलिका सरासरी नऊच निघाल्या. साठ्याची पोकळी दिसलीच नाही. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या नलिका कातडीच्या अगदी जवळून जातात आणि थोड्याशा दाबानंही मिटतात. बारशाच्या ब्लाऊजची काखेतली शिवण, मावशींचे अंगठे, फणीचे दात, सगळं मला त्या एका वाक्यात दिसलं. लाखो बायका रोज ज्या अवयवातून लेकरं वाढवतात, त्याच्याकडे नीट पाहायला विज्ञानाला २००५ उजाडावं लागलं, याचा मला अजूनही राग येतो.

स्तनपानाचं काम करणाऱ्या डॉक्टरांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन. तिनं २०२२ मध्ये या दुखण्याची मार्गदर्शक सूत्रं बदलली. जोरात मालिश नको. छाती पूर्ण रिकामी करण्याचा अट्टहास नको. बाळ मागेल तसं पाजावं, नेहमीइतकंच. सुजेवर बर्फाचा शेक आणि सूज उतरवणारं औषध घ्यावं. हात फिरवायचाच तर अगदी हलका, मांजराच्या पाठीवरून फिरवावा इतका हळू, काखेच्या आणि कॉलरबोनच्या दिशेनं, म्हणजे साचलेलं पाणी निघून जायला मदत होते. पंपाबद्दल बाईंनी सांगितलेलं तर माझ्या प्रत्यक्ष अनुभवाला येतच होतं. दूध मागणीवर तयार होतं. जितकं काढाल तितकं शरीर जास्त बनवतं. मी गाठ रिकामी करायला म्हणून पंप लावत होते आणि शरीराला वाटत होतं की घरात जुळी आहेत.

आता प्रश्न आईचा होता. बाळंतिणीला गार चालत नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते श्वासासारखं असतं. कानाला फडकं, पायात मोजे, प्यायला उकळून कोमट केलेलं पाणी, खिडकीला पडदा. पौषाच्या थंडीत, ओल्या बाळंतिणीच्या छातीवर बर्फ ठेवायचा, हे आईला ऐकवेना. "अगं वारं शिरेल अंगात. दूध गोठेल." मी तिच्याशी वाद घातला नाही, कारण तिचा शेक मला हवाच होता. टाक्यांमुळे आखडलेल्या कमरेला, पायांना त्या शेगडीनं जो आराम मिळाला तो औषधानं मिळाला नसता. छातीवर शेकानं काही जणींना पाजण्याआधी तात्पुरतं बरं वाटतं, हेही बाईंनी नाकारलं नाही. फक्त सुजलेल्या जागी उष्णतेनं रक्त आणखी ओढलं जातं आणि सूज वाढू शकते, एवढंच त्या म्हणाल्या. मी फोन आईच्या हातात दिला. बाईंनी तिला विचारलं, "काकू, पाय मुरगळला की तुम्ही पहिल्यांदा काय लावता?" आई थोडा वेळ गप्प राहिली. मग उठून गेली.

परत आली ती आजीच्या जुन्या नऊवारीचा तुकडा घेऊन. धुऊन धुऊन मलमलीहून मऊ झालेलं ते कापड तिनं चौपदरी केलं, त्यात बर्फाचे खडे घातले, स्वतःच्या गालाला लावून पाहिलं आणि मग माझ्या छातीवर ठेवलं. पायाशी शेगडी, अंगावर गोधडी, कानाला फडकं आणि छातीवर बर्फ. पहिला क्षण झोंबला. मग ठणका एकेक पायरी खाली उतरत गेला. कित्येक तासांनी मी खांदे सैल सोडले.

आई तशीच पुडी धरून बसली होती. तेव्हा तिनं सांगितलं. माझ्या वेळी तिलाही अशीच गाठ झाली होती. रगडलं, शेकलं, पोटीस बांधलं. तिचं गळू झालं, तालुक्याला नेऊन चिरावं लागलं. मग सांगितलं, आता पाजू नका, दूध खराब झालंय. मला वरचं दूध सुरू झालं आणि तिचं दूध आटवायला गोळ्या दिल्या. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, हिला दूधच नव्हतं. हे ती इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. मला माहीत होतं ते एवढंच, की मी वरच्या दुधावर वाढले आणि आईला दूध नव्हतं. तिनं पदर सरकवून ती खूण दाखवली, बोटाच्या पेराएवढी, पांढरी पडलेली. "दूध होतं गं," ती म्हणाली, "चिरलेल्या जागेतूनसुद्धा यायचं."

आज गळू झालं तरी बहुतेक वेळा मोठी चीर द्यावी लागत नाही. सोनोग्राफीखाली सुईनं पू काढतात किंवा छोटी नळी बसवतात, आणि त्या बाजूनंही पाजणं सहसा चालू ठेवता येतं. बाळाला त्या दुधानं अपाय होत नाही. उलट अचानक पाजणं बंद केलं की दूध आणखी साचतं आणि दुखणं वाढतं. हे आईला सांगताना मला फार जड गेलं. तिच्या वेळी हे तिला कुणी सांगितलं असतं तर 'दूध नव्हतं' हा शिक्का तिला जन्मभर वागवावा लागला नसता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला कॅमेऱ्यासमोर पाजून दाखवायला सांगितलं. मी लेकीला मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी छाती दाबून धरली, बाळाचं नाक दबू नये म्हणून. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात, मावशींनी मलाही तसंच शिकवलं होतं. बाई म्हणाल्या, "बोटं कुठे आहेत बघा." बोटं बरोबर गाठीच्या पुढच्या वाटेवर होती. दिवसातून इतक्या वेळा, प्रत्येक वेळी बराच वेळ, तिथेच दाब. बाळाचं नाक पुढून चपटं आणि नाकपुड्या बाजूंनी उघड्या असतात, छातीला टेकूनही त्यांना श्वास घेता येतो, आणि खरंच गुदमरलं तर ते स्वतःच तोंड सोडतं. नाक मोकळं ठेवायचं तर छाती दाबायची नाही, बाळाचं बूड आपल्याकडे ओढून घ्यायचं, की मान आपोआप थोडी मागे कलते.

मग त्यांनी तोंडात द्यायचं कसं ते पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. मी पुढे वाकून तोंडात कोंबायचं नाही, मागे टेकून बसायचं आणि बाळाला छातीवर आणायचं. स्तनाग्र तिच्या नाकासमोर धरायचं, तोंडासमोर नाही. वरच्या ओठाला स्पर्श झाला की ती मान मागे नेऊन जांभईएवढा आ करते. त्या क्षणी तिला जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. नीट लागलं की खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, गाल आत जात नाहीत, काळा भाग खालून जास्त आत जातो आणि वरून थोडा दिसत राहतो. दुखलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवायचं आणि परत लावायचं. लेकीनं तिसऱ्या-चौथ्या खेपेला असा मोठा आ केला आणि मग मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला, दोन-तीन वेळा ओढून एकदा गिळल्याचा, हलका 'क'. तोवर ती नुसतं टोकच चोखत होती आणि आतलं दूध पूर्ण ओढलं जात नव्हतं. गाठीचं एक कारण तिथेच होतं.

छाती फार टणक असेल तर बाळाला पकडच मिळत नाही. तेव्हा बोटांची टोकं स्तनाग्राभोवती ठेवून आत, छातीच्या फासळ्यांकडे, हलका दाब देऊन मिनिटभर धरायचं. तेवढ्यानं सूज मागे सरते आणि मऊ जागा तयार होते. दूध काढायचं नाही, नुसतं धरायचं. ही एक युक्ती मला चौथ्या दिवशी माहीत असती तर किती तरी रडणं वाचलं असतं, माझं आणि तिचं.

तरीही माझा ताप उतरला नव्हता. बर्फ आणि डॉक्टरांना विचारून घेतलेली आयबुप्रोफेन ही सूज उतरवणारी गोळी यांनी गाठ निम्म्यावर आली, ठणका गेला, पण संध्याकाळ झाली की हुडहुडी भरायची. लेक उजवीकडे घ्यायला कुरकुर करू लागली. सूज आली की त्या बाजूच्या दुधात मिठाचं प्रमाण वाढतं आणि चव खारट होते, ती बिचारी तक्रार करत होती ती त्याची. एक दिवस उलटूनही ताप राहिला तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाजताना चालेल असं अँटिबायोटिक दिलं आणि लगेच सांगितलं, पाजणं थांबवू नका. औषधाचा कोर्स पूर्ण केला. ताप गेला, लाली गेली, शेवटी गाठही हाताला लागेनाशी झाली. एक नक्की सांगते, बर्फानं सगळं बरं होतं असा याचा अर्थ नाही. ताप, पसरत जाणारी लाली, अंग मोडून येणं, हे दिसलं आणि चोवीस तासांत उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जायचं.

माझी मावसबहीण वैद्य आहे. भेटायला आली तेव्हा तिनं सुश्रुतसंहितेतला निदानस्थानाचा दहावा अध्याय वाचून दाखवला. त्यात स्तनरोगांबद्दल लिहिलंय की कुमारिकांच्या स्तनातल्या वाहिन्यांची तोंडं मिटलेली असतात म्हणून त्यांना हे रोग होत नाहीत, गर्भिणी आणि बाळंतिणींमध्ये ती स्वभावतःच उघडतात आणि म्हणून होतात. पण मी थांबले ती त्याच अध्यायातल्या दुसऱ्या गोष्टीपाशी. बाळाच्या स्पर्शानं, दर्शनानं, नुसत्या आठवणीनंही दूध वाहू लागतं आणि त्याचं कारण अखंड स्नेह, असं सुश्रुत सांगतो. आज आपण त्याला ऑक्सिटोसिन म्हणतो. बाळाचा आवाज ऐकला, वास आला तरी हे संप्रेरक सुटतं आणि दुधाच्या कोशांभोवतीचे स्नायू आकुंचन पावून दूध पुढे ढकलतात. पान्हा फुटतो तो असा. आणि वेदना, भीती, दडपण यांनी तो अडतो. चार बायका भोवती उभ्या राहून 'येतंय का, येतंय का' बघत असताना तो कसा फुटावा? मला माझ्या त्या दिवसांतला सगळ्यात भरभरून फुटलेला पान्हा आठवतो तो दुपारचा, आईनं सगळ्यांना बाहेर काढून दार लोटलं होतं आणि लेक माझ्या उघड्या छातीवर नुसती झोपली होती, पीतसुद्धा नव्हती.

मला आई होती, फोन होता, सल्लागाराची फी देता आली. ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांच्या दारात एकच माणूस हमखास पोचतं, ती म्हणजे आशाताई. नवजात बाळाच्या गृहभेटींसाठी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, आईचीही चौकशी करते. गाठी बहुतेक याच काळात होतात. तिच्याजवळ बोलायला संकोच करू नये, आणि तिनं 'दूध येतं का' याच्या पुढे जाऊन 'दुखतं का' हे विचारावं, असं मला फार वाटतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि तिथे दूध देणाऱ्या कितीतरी माता अगदी साध्या घरांतल्या. आपल्याकडे दुधाचं मोल जाणणारी माणसं आहेतच. ज्या छातीतून ते येतं तिच्या दुखण्याचंही तेवढंच मोल व्हावं.

सव्वीस आठवड्यांची रजा संपवून मी पुण्याला कामावर रुजू झाले आणि गाठीनं पुन्हा तोंड वर काढलं. लांबलेल्या मिटिंगा, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, तिचा पट्टा बरोबर छातीवरून आडवा. या वेळी मला काय करायचं ते ठाऊक होतं. पट्टा बदलला. तारेची ब्रेसियर कपाटात गेली. ऑफिसच्या पँट्रीतल्या फ्रिजमध्ये जेलची पिशवी ठेवली. मातृत्व लाभाच्या कायद्यानुसार मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवसात नेहमीच्या सुट्टीखेरीज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळते. ते मी मेलवर लिहून कळवलं आणि त्या वेळेला मिटिंगमधून उठायला लागले. पंप लावायचा तो लेक पिते साधारण तेवढाच, वर एक थेंब नाही. गाठ दुसऱ्या दिवशी विरघळली.

आता कुणाच्या बाळंतविड्यात झबली-टोपडी ठेवायची असली की मी त्यात एक जेलची पिशवी आणि एक कागद ठेवते. त्यावर लिहिलेलं असतं: गाठ झाली तर रगडू देऊ नकोस. बाळ मागेल तसं पाज, दोन्हीकडून. काचणारं काही घालू नकोस, छाती बोटांनी दाबून पाजू नकोस. दहा मिनिटं गार शेक, कापडातून. पंपानं सारखं उपसू नकोस. टोकावर पांढरा ठिपका दिसला तर सुईनं फोडू नकोस. ताप आला आणि दिवसात उतरला नाही तर डॉक्टरकडे जा. गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी करून घे, प्रत्येक गाठ दुधाचीच असते असं नाही.

मागच्या महिन्यात चुलत वहिनीसाठी हा कागद लिहीत होते तेव्हा आई शेजारी टोपडी इस्त्री करत होती. सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणखी एक लिही. चिरायला लागलं तरी पाजणं सोडायचं नाही म्हणावं. आणि कुणी म्हणालं दूध नाही, तर त्यांना माझ्याकडे पाठव."